शिवलेला शेवट

आष्टी,
२ डिसेंबर २०२४

प्रिय सपना,

पुस्तक सोबत पाठवते आहे. कव्हरवर चहाचा गोल डाग आहे, तो माझा नाही. रूपरावांनी शेतातून आल्याआल्या त्यावर कप ठेवला. नवऱ्याला पुस्तक आणि पाट यातला फरक कळत नाही, हे मी लग्न झाल्यापासून सोसते आहे.

माझं मत आधी सांगून टाकते. हा अकरावा भाग दहाव्यापेक्षा बरा आहे, पण आठव्याच्या पासंगालाही पुरत नाही. ‘हिरव्या खोलीतली बाई’ हे नाव झकास. लंडन तेच, राणी व्हिक्टोरियाचं, घोडागाड्या आणि गॅसचे दिवे, आणि लेखकाला पुढचं सुचलं नाही की सोडलेलं धुकं. आपल्या गुप्तहेर मिसेस टिल्बरी पहिली चाळीस पानं नुसता चहा पितात आणि काळं रेशीम सावरतात. पण एकदा त्या आजारी लेडी मार्गारेटच्या खोलीत शिरल्या की मग पुस्तक खाली ठेवता येत नाही. मी भाजी करपवली. शकुबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, ती कौतुकानं खाल्ली नाही हे वेगळं सांगायला नको.

शेवटचं प्रकरण नेहमीसारखं शिवलं आहे. या वेळी लाल दोरा आहे, एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजमधला उरलेला. टाका बारीक घातला आहे, उचकटून डोकावलीस तर मला कळेल. नियम तोच, वर्ध्याच्या होस्टेलमधला. आधी खुनी कोण ते लिहून पाठवायचं, माझं ‘काप’ असं उत्तर आलं की मग कात्री. आणि फोनवर पुस्तकाचं अवाक्षर काढायचं नाही. तिसऱ्या भागाच्या वेळी मी फोनवर खुन्याचं नाव बोलून बसले होते आणि तू महिनाभर अबोला धरला होतास, ते मी विसरले नाही.

एवढंच सांगते की यात रोज रात्री दुधाचा एक पेला येतो आणि तो एलन नावाची मोलकरीण आणते. तुमच्या घरात सासूबाईंना रात्रीचं दूध कोण देतं ते बघून ठेव बाई! थट्टा करते आहे.

तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? जिना चढवत नाही म्हणून त्यांना खालच्या खोलीत आणलं म्हणाली होतीस. आणि तुमच्या आडतीच्या दुकानाचं नवं कॅलेंडर छापून आलं की एक पाठव. माझ्या शिलाई मशीनच्या वर जुनं लटकतं आहे, त्याचं आता एकच पान उरलं.

तुझी,
जया

---

हिंगणघाट,
९ डिसेंबर २०२४

प्रिय जया,

पुस्तक मिळालं, डागासकट. कॅलेंडर सोबत पाठवते आहे. यंदा आमच्या सासऱ्यांनी, बाबूजींनी, कापसाच्या बोंडाचा फोटो छापला आहे, लक्ष्मीचा नाही, म्हणून दुकानात येणारे म्हातारे कुरकुर करतात.

मी अर्ध्यावर आले आहे. तुझ्याशी माझं पटत नाही. मला हा भाग आठव्याहून चांगला वाटतो. आठव्यात मुडदे चार होते आणि भीती एकाचीही वाटली नाही. इथे अजून कोणी मेलेलंच नाही. एक बाई अंथरुणात रोज थोडी थोडी विझते आहे आणि घरातली सगळी माणसं तिच्याशी गोड बोलत आहेत. मला तेच भीतीदायक वाटतं. पण तो अनुवाद! मोलकरीण ‘महोदया, आपले दुग्ध’ म्हणते तिथे मी हसले. त्यानंतर मात्र हसले नाही.

का ते सांगते. घरी आईंची तब्येत बिघडली आहे, आणि गुडघ्यांची नव्हे. खालच्या खोलीत आल्यापासून सकाळी उठल्या की डोकं जड, उलटी, छाती आवळल्यासारखी. दुपारी अंगणात उन्हात खाट टाकली की जरा माणसात येतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणतात पित्त आहे, थंडी आहे, वय आहे. गोळ्या बदलून दिल्या. फरक नाही.

तू दुधाचं गमतीनं लिहिलंस, पण मी बघितलं. आईंना रात्रीचं दूध रक्षा देते. रक्षा म्हणजे पियुषची बायको, माझी धाकटी जाऊ. उन्हाळ्यात लग्न झालं तेव्हा तू आली नव्हतीस. जाम गावची आहे, तिच्या वडिलांचा हायवेवर ढाबा आहे. बोलते कमी, कामं पटापट करते. आईंचं तोंड तुला माहीत आहे. ‘ढाब्यावरची पोर’ असं तिच्यासमोरच म्हणतात. ती मान खाली घालून ऐकते. त्या मानेखाली काय चाललेलं असतं ते मला कधी कळलं नाही.

एक गोष्ट पाहिली. पहाटे मी दुधाला उठते तेव्हा रक्षा आईंच्या खोलीत असते. खिडकी सताड उघडते आणि तिथेच उभी राहते. या थंडीत! आई ओरडतात, “अवो, थंडीनं मारतं का मले? लाव ते खिडकी!” ती “हो आई, लावतो” म्हणते आणि लावत नाही. आपल्या पुस्तकातली एलनही हेच करते, आठवतं? लेडी मार्गारेट थंडीनं कुडकुडते आणि ती पोरगी खिडकी उघडून बाहेर बघत बसते.

आणि लसूण. मिसेस टिल्बरी म्हणतात ना, ज्याच्या श्वासाला लसणाचा वास त्याच्या पेल्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक. काल आईंच्या खोलीत गेले तर लसणाचा मंद वास होता. काल घरात लसूण सोलला नव्हता, संपला होता गं.

वेडी झाले आहे म्हण. पण फोन करू नकोस. आमच्या घरात फोनवर बोललं की चार खोल्यांत ऐकू जातं, आणि रक्षा पायांचा आवाज न करता चालते.

तुझी,
सपना

---

आष्टी,
१३ डिसेंबर २०२४

प्रिय सपना,

वेडी झाली आहेस. तू म्हण म्हणालीस, म्हटलं.

अगं, त्या पोरीनं खिडकी उघडली तर एवढं रामायण? इथे आमच्या घरात मी रोज खिडकी उघडते आणि शकुबाई रोज लावतात, दोघींपैकी कोणाचा कोणाला मारायचा बेत नाही. निदान माझा तरी नाही. तुझं पत्र मी त्यांना थोडं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “पुस्तकं वाचू वाचू घरातल्या मानसायवर डोये वटारू नको म्हना तिले.” बघ, ज्यांना अक्षर ओळखता येत नाही त्यांनी तुझं परीक्षण लिहिलं.

आणि मिसेस टिल्बरींची इतकी भक्त असून तू पहिला धडा विसरलीस. जिच्यावर वाचणाऱ्याला पहिल्यांदा संशय येतो ती खुनी कधीच नसते. दहा भाग झाले, एकदा तरी तसं झालंय का?

सपना, तुला शेवट एका वाक्यात सांगितला असता तर तू आत्ता खळखळून हसली असतीस आणि रात्री नीट झोपली असतीस. फार वाटतं आहे सांगावंसं. पण दोरा म्हणजे दोरा. माझं मत तेवढं सांगते की मला त्या शेवटाचा राग आला. अख्खं पुस्तकभर माणसांकडे बघायला लावायचं आणि मग... जाऊ दे. पुढचं लिहिलं तर नियम मोडेल. तू वाचशील तेव्हा भांडू.

आईंना मात्र वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात दाखव. पित्त इतके दिवस राहत नाही. त्यांचं वजन उतरलं आहे का, रक्त तपासलं का, हे विचार. आणि थंडीत खिडकी लावून घेत जा, रक्षाला वाईट वाटलं तरी चालेल. म्हाताऱ्या माणसाच्या छातीत गारठा बसला म्हणजे मग निघत नाही.

कॅलेंडर लावलं. बोंड छान आलं आहे, आमच्या शेतात तसं एकही नाही.

तुझी,
जया

---

हिंगणघाट,
२० डिसेंबर २०२४

प्रिय जया,

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

शिवणीपर्यंत येऊन थांबले आहे. नियमाप्रमाणे लिहिते: खुनी एलन. तू कितीही धडे दिलेस तरी एलनच. पहिला संशय खरा नसतो हे आपल्यासारख्यांना पाठ झालं आहे, आणि ज्याला खरंच मारायचं आहे त्याला यासारखी सोय नाही. हे माझं मत पुस्तकाबद्दल. आता घरचं सांगते.

रविवारी रक्षा जामला गेली होती, तिच्या मामेभावाच्या लग्नाला. त्या दिवशी आई सबंध दिवस अंगणात बसल्या, शेजारणींशी भांडल्या, दोन पोळ्या खाल्ल्या. रात्रीसुद्धा बऱ्याच होत्या. सोमवारी रक्षा आली. मंगळवारी सकाळी आईंना उठवेना.

मी मंगळवारी संध्याकाळी तिनं ठेवलेला दुधाचा पेला उचलला आणि दुसरा भरून आईंना दिला. तो पहिला पेला मनीच्या वाटीत ओतला. आमची पांढरी मांजर, तू पाहिली आहेस. मनीनं वाटी चाटून साफ केली आणि नेहमीच्या जागी झोपायला गेली. यंदा गोदाम सोयाबीननं भरलं म्हणून बाबूजींनी हरभऱ्याची पोती आईंच्या खोलीच्या पलीकडे, मधल्या खोलीत लावली आहेत. मधलं दार बंद असतं पण त्याच्याखाली मांजर जाईल एवढी फट आहे. पोती उबदार असतात म्हणून ती तिथेच झोपते. सकाळी ती पोत्यावर आडवी पडली होती, तोंड उघडं. अंग दगड झालं होतं.

जया, मी ओरडलेसुद्धा नाही. पदरात गुंडाळून नवऱ्याला, गजेंद्रला, नेऊन दाखवली आणि सगळं सांगितलं. दूध, लसूण, खिडकी, सगळं. पुस्तकाचं नाव घेतलं नाही. ते आधी हसले, मग त्यांनी मनीकडे पाहिलं आणि हसायचे थांबले.

त्यानंतर जे झालं ते लिहायला नको वाटतं. पियुष माझ्या अंगावर धावून आला. “वहिनी, तुमचं डोकं फिरलं का? तिनं काऊन मारावं आईले?” बाबूजी मधे पडले. म्हणाले, “आता आवाज नाई पायजे. बजारात गोष्ट गेली का दुकान बंद करून बसा लागन. सूनबाईले चार दिवस माहेरी राहू दे.” सगळ्यांनी रक्षाकडे पाहिलं. तिनं नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, रडली नाही. निरपराध माणूस रडतो ना गं? तिनं पिशवी भरली. निघताना दारात माझ्याजवळ थांबली. “ताई, आईची खिडकी...” एवढंच म्हणाली, तेवढ्यात पियुषनं मोटरसायकल सुरू केली. शेवटपर्यंत तिच्या मनात खिडकीच होती.

आता आईंच्या खोलीत मी झोपते. दिवसासुद्धा बहुतेक तिथेच असते. खिडकीच्या कड्या तारेनं बांधून टाकल्या. अंगणाकडच्या दाराखालून वारा येतो तिथे गोधडी खुपसली. आतून कडी लावते. माझ्या हातचं सोडून आईंना काही देत नाही. आता त्या खोलीत कोणी बाहेरचं येऊ शकत नाही.

पण जया, आई बऱ्या होत नाहीत. जास्तच झालं आहे. आणि आज सकाळी मलाही उलटी झाली. डोकं फुटतं आहे, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. ती जाण्याआधी पिठात नाहीतर मिठात काही कालवून गेली असणार. मी सगळे डबे रिकामे केले, नवं सामान आणलं, तरी तेच. लसणाचा वास आता माझ्या केसांनाही येतो. पियुष कोणाशी बोलत नाही. काल हरभऱ्याची आणखी पोती आली ती त्यानं एकट्यानं लावली, किडीच्या गोळ्या टाकल्या आणि दार ओढून घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला खूप भीती वाटते. मरण्याची नाही एवढी. कुठून येतं आहे ते दिसत नाही याची. दोरा कापू का ते कळव. शेवट कळला तर निदान एक तरी गोष्ट संपेल.

तुझी,
सपना

---

आर्वी, एसटी स्टँड,
२३ डिसेंबर २०२४

सपना,

हे मी मांडीवर ठेवून लिहिते आहे. वर्ध्याची गाडी लागायची आहे. हात रिकामे ठेवले तर मला वेड लागेल म्हणून लिहिते. हे पत्र मी तुझ्या हातात देणार आहे. तुझ्याच हातात, ऐकतेस ना?

दुपारी पोस्टमन तुझं पत्र देऊन गेला. मनी पोत्यांवर मेली इथपर्यंत मी उभ्यानं वाचलं. किडीच्या गोळ्या वाचलं आणि मशीनवरचा फोन उचलला.

रक्षानं काही केलेलं नाही. दुधात काही नव्हतं. ते त्या पोत्यांमधून येतं आहे. त्या गोळ्यांचा धूर होतो, तो दिसत नाही, त्याला लसणासारखा, नासक्या मासोळीसारखा वास येतो, आणि तो दाराखालच्या फटीतून आईंच्या खोलीत येतो आहे. आमच्याकडे रूपराव कोठीत गोळ्या टाकतात तेव्हा कुलूप लावतात आणि त्या अंगाला कोणाला झोपू देत नाहीत. मला हा वास ठाऊक आहे सपना. लग्न होऊन आले तेव्हापासून ठाऊक आहे. आणि तू पहिल्या पत्रात लसूण लिहिलास तर मी पुस्तकातला लसूण समजून हसले. वर तुला खिडकी लावून घ्यायला सांगितलं.

तुला फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला, पुन्हा केला. गजेंद्र यांचा लागतच नव्हता. मग वर बघितलं तर कॅलेंडर. बोंडाखाली दुकानाचा नंबर छापलेला, आणि दुकान तुमच्या घराच्याच पुढच्या अंगाला. बाबूजींनी उचलला. मी म्हटलं, सपना कुठे आहे?

“ते आन तिची सासू आराम करून राह्यल्या. दार लावून हायेत. तुमी कोन?”

मी म्हटलं, दार तोडा.

“काऊन तोडा? झोपल्या हायेत बाई त्या.”

मी काय काय बोलले मला आठवत नाही. पोती, गोळ्या, मांजर. ते म्हणाले, “आमी बापाच्या काळापासून घरात पोते ठेवून राह्यलो, कोनाले काई झालं नाई.” मी ओरडले, बाबूजी, एकदा हाक मारून बघा, त्यांनी ओ दिली तर मला खुशाल शिव्या द्या. मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लांबून त्यांची हाक ऐकू आली, “सूनबाई. ओ सूनबाई.” मग थोडं थांबून दार ठोठावल्याचा आवाज, मग कोणा हमालाला मारलेली हाक. मग फोन कट झाला. त्यानंतर दुकानाचा नंबर लागत नाही.

मला माहीत नाही तुम्ही दोघी कशा आहात. या स्टँडवर सगळं नेहमीसारखं चाललं आहे. एक बाई संत्र्यांची टोपली घेऊन माझ्या शेजारी बसली आहे आणि मला विचारते, कोणी वारलं का. मी तिला नाही म्हटलं. मला ते खरं करून दे.

दोरा कापायची गरज नाही, शेवट मीच सांगते. एलननं काही केलं नव्हतं. कोणीच पेल्यात काही घातलं नव्हतं. हिरव्या खोलीच्या भिंतींना जो हिरवा कागद चिकटवला होता त्याच्या रंगातच सोमल होता, ओल धरली की तो हवेत सुटायचा. लेडी मार्गारेटच्या नवऱ्याचाच त्या कागदांचा कारखाना होता, त्याला कळलं होतं आणि तो धंद्यासाठी गप्प बसला. मला राग याचा आला होता की माणसांवर इतका संशय घ्यायला लावून शेवटी खुनी निघाली भिंत. मी म्हटलं, ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे.

मिसेस टिल्बरी शेवटच्या पानावर म्हणतात, ती मुलगी रोज पहाटे खिडकी उघडत होती म्हणून बाईसाहेब इतके दिवस जगल्या. मी हे वाक्य लाल दोऱ्यानं शिवून तुला पाठवलं.

गाडी लागली.

जया

---

हिंगणघाट,
१२ जानेवारी २०२५

प्रिय जया,

दवाखान्यात तू माझ्या उशाला बसली होतीस तेव्हा मला फार बोलता आलं नाही. तू गेल्यावर तुझं आर्वीचं पत्र वाचलं. त्या संत्रेवाल्या बाईला सांग, कोणी वारलं नाही.

आई गेल्या आठवड्यात घरी आल्या. बोलणं कमी झालं आहे. जिना चढायला धाप लागते तरी वरच्याच खोलीत राहतात, चौघांनी खुर्चीत बसवून नेलं. हरभरा त्याच दिवशी घराबाहेर गेला; रक्षा जामहून परतली त्याच सोमवारी पियुषनं त्यात नव्या गोळ्या टाकल्या होत्या, हे नंतर कळलं. मधल्या खोलीची दारं-खिडक्या उघडी टाकली आहेत, पण कोणी तिथून जात नाही, जो तो वळसा घालून स्वयंपाकघरात येतो. बाबूजी आमच्याबरोबर जेवायला बसत नाहीत. दुकानातच ताट मागवतात. एकदाच मला म्हणाले, “मले वाटलं होतं, आपल्या घरातलं आपल्याले काय करन?” मलाही घरातल्या पोत्यांची नाही, घरातल्या पोरीचीच भीती वाटली होती.

रक्षाला आणायला मीच गेले. पियुष म्हणाला तो जातो, पण मी ऐकलं नाही. जामला तिच्या वडिलांच्या ढाब्यामागं दोन खोल्या आहेत. ट्रक लागलेले, पोरं चहा नेत होती. ती मागच्या ओट्यावर कांदे चिरत बसली होती. मला बघून उठली, हात धुतले आणि पाणी आणायला आत गेली. मी तिला धरून बसवलं. माफी मागितली. कशी मागितली ते सांगत नाही, मला ते पुन्हा ऐकवत नाही.

मग मी विचारलं, तू खिडकी का उघडायचीस?

ती म्हणाली, “मले त्या खोलीत गेलं का डोकं धरे ताई. खिडकी उघडली का बरं वाटे. म्हून वाटलं का आईलेबी बरं वाटत असन.”

मी म्हटलं, अगं मग सांगितलं का नाहीस कोणाला?

“जाता जाता सांगत होतो ना. गाडी सुरू झाली.” मग चिरलेले कांदे गोळा करत म्हणाली, “पहिले तं तुमी कदी विचारलंच नाई. रोज दारातून पाहून राह्यल्या होत्या तुमी. मले वाटे, आता विचारतीन.”

जया, मिसेस टिल्बरी प्रत्येक भागात घरातल्या एकेकाला बसवून विचारतात, तू काल रात्री कुठे होतीस, तू काय पाहिलंस. अकरा भाग मी ते वाचत आले. आणि माझ्याच घरात मी एका पोरीला एक प्रश्न विचारला नाही. मला तिची भीती वाटत होती, आणि विचारलं तर भीती खोटी ठरेल याचीही वाटत असेल. आता मला माझीच वाटते. किती सहज जमलं मला ते!

ती आली. भांडली नाही, तोंड फुगवलं नाही, नवऱ्याशी हसून बोलते. आईंनी तिचा हात धरला आणि त्या रडल्या, तेव्हा तिनं त्यांचे डोळे पुसले. घर वरून पाहिलं तर पूर्वीपेक्षा चांगलं चाललं आहे.

पुस्तक परत पाठवते आहे. दोरा तसाच आहे, मला तो कापवला नाही. माझं मत विचारशील तर भाग चांगला आहे, आठव्यापेक्षा चांगला, यावर मी अजून ठाम आहे. फक्त माझ्या मागच्या पत्रात मी खुनी म्हणून जे नाव लिहिलं आहे ते खोडून टाक. काळ्या शाईनं खोड, खालचं अक्षर दिसता कामा नये.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मी इथे कोणाला सांगू शकत नाही. रक्षा घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी तिनं आईंसाठी दूध गरम केलं. पेला हातात घेऊन खोलीच्या दारात थांबली, आमच्या सगळ्यांकडे वळली, आणि सगळे बघत असताना त्यातला एक घोट स्वतः प्यायली. मग पेला आईंच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजींच्या चहाचा घोट घेतला. मग गजेंद्रच्या. मग माझ्या. भाजी वाढायच्या आधी चमचाभर आपल्या तळहातावर घेते आणि खाते. कोणी तिला सांगितलेलं नाही. चेहऱ्यावर राग नसतो. मीठ बघितल्यासारखं सहज करते.

आज दुपारी चहा झाला तेव्हा मी तिच्या आधी गेले आणि कप तिच्या हातातून काढून घेतला, तिचा घोट व्हायच्या आत. म्हटलं, रक्षा, नको गं, असं नको करू.

तिनं कप हळूच माझ्या हातातून परत घेतला.

“राहू द्या ताई,” म्हणाली, “आता सवय झाली.” आणि घोट घेऊन तो माझ्यापुढे ठेवला.

तुझी,
सपना